काठाकाठाने : डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा

मराठी सभांमध्ये एक शब्द हमखास कानावर येतो : दीपस्तंभ. सत्कार असो की शोकसभा, ज्यांच्याविषयी बोलणं चाललेलं असतं ते समाजाचे दीपस्तंभ असतातच. बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा देवळापुढची दीपमाळ असते. आपल्या मंगेशीची सात मजली दीपमाळ उत्सवाच्या रात्री उजळते, तेव्हा ती दुरूनच भाविकाला ‘ये’ म्हणते. समुद्रावरचा दीपस्तंभ मात्र असं बोलावणं करत नाही. आग्वादच्या टोकावरचा दिवा खलाशाला सांगतो, ‘मी इथे आहे, पायाशी खडक आहेत. माझ्यावरून तू कुठे आहेस ते ओळख आणि जपून जा.’ त्या दिव्याच्या रोखाने कुणी थेट निघाला तर त्याची बोट फुटायचीच.

नोव्हेंबर उजाडला की आपल्याकडे पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. बेळगावहून आत्या येते, इंदूरहून मामा, बडोद्याहून चुलत भावंडं. देवदर्शन झालं, माशांचं जेवण झालं, की मुलांची एकच मागणी : बोटीत बसायचं! मग मांडवीतली संध्याकाळची सैर, डॉल्फिन दाखवणारी होडी, निदान रायबंदर–चोडण फेरीबोट तरी. या पाण्यावर ठिकठिकाणी खुणा लावलेल्या असतात, पण आपण त्या फोटोच्या मागची शोभा म्हणून बघतो. रस्त्यावरचा सिग्नल पाच वर्षांच्या पोराला कळतो. नदीतला तांबडा बोया मात्र जन्मभर नदीकाठी राहिलेल्यालाही पुष्कळदा कळत नाही. म्हणून या वेळी आपल्या मांडवीतच थोडं अक्षरओळखीचं काम करू.

खुणा होत्या, पण वाचता आल्या नाहीत

आज जगभर पाण्यावरच्या खुणांची जी भाषा चालते, तिच्यामागे एक दुःखद हकिगत आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये डोव्हरची सामुद्रधुनी आहे, जगातल्या अतिशय गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक. तिथे ११ जानेवारी १९७१ रोजी ‘टेक्साको कॅरिबियन’ हे तेलवाहू जहाज ‘पाराकास’ या मालवाहू जहाजाशी धडकून बुडालं. दुसऱ्याच दिवशी ‘ब्रांडेनबुर्ग’ हे जर्मन जहाज त्याच्या बुडालेल्या सांगाड्यावर आपटलं आणि तेही तळाला गेलं. मग त्या जागेभोवती दीपनौका आणि बोये लावण्यात आले. तरीही २७ फेब्रुवारीला ‘निकी’ हे ग्रीक जहाज तिथेच येऊन आदळलं आणि सगळ्या खलाशांसह बुडालं. तीन दुर्घटनांत मिळून ५१ माणसं गेली.

तिसऱ्या वेळी तिथे खुणा नव्हत्या असं कुणी म्हणू शकत नव्हतं. अडचण अशी होती, की त्या काळी जगात बोयांच्या तीसहून अधिक पद्धती चालत आणि त्यांतल्या कित्येक एकमेकींच्या अगदी विरुद्ध होत्या. एका देशात जो रंग ‘इकडून जा’ म्हणायचा, तोच दुसऱ्या देशात ‘इकडून जाऊ नका’ म्हणायचा. अखेर नोव्हेंबर १९८० मध्ये टोकियोच्या परिषदेत देशांनी एक सामाईक पद्धत मान्य केली. दीपस्तंभांचं काम पाहणाऱ्या ‘आयला’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नावाने ती ओळखली जाते. आपल्याकडे चालते ती हीच पद्धत.

खूण नुसती लावून भागत नाही, ती बघणाऱ्याला वाचताही यावी लागते, हे डोव्हरने शिकवलं. बघणारा म्हणजे काही फक्त सुकाणूवरचा माणूस नव्हे. बोटीत बसलेले आपणही बघतच असतो.

मांडवीत शिरताना

मुख्य नियम एका ओळीचा आहे : समुद्रातून नदीत किंवा बंदरात शिरताना तांबडे बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला ठेवायचे. दोन्हींच्या मधला पट्टा खोल पाण्याचा. रात्री तांबड्या बोयावर तांबडा दिवा लुकलुकतो, हिरव्यावर हिरवा. रंग नीट दिसत नसेल तर आकार बघायचा. तांबड्याचा माथा सपाट, डब्यासारखा. हिरव्याचा निमुळता, शंकूसारखा. बोयांवर क्रमांक असतील तर ते समुद्राकडून आत येताना वाढत जातात.

आता हे आपल्या मांडवीला लावून बघा. समुद्रातून आत येताना आग्वाद, रेइश मागुश आणि बेती डाव्या हाताला राहतात. मिरामार आणि पणजी उजव्या हाताला. म्हणजे जलमार्गाची बेतीकडची कड तांबडी आणि पणजीकडची हिरवी. संध्याकाळी आपली बोट पणजीच्या धक्क्यावरून समुद्राच्या दिशेने निघते तेव्हा मात्र सगळं उलटं दिसतं, तांबडे उजवीकडे आणि हिरवे डावीकडे. बोये आहेत तिथेच असतात, आपलं तोंड फिरलेलं असतं. म्हणून बोटीत बसल्यावर मुलांना पहिला प्रश्न हा विचारावा : ‘आपण आत चाललोय की बाहेर?’ त्याचं उत्तर आलं की पुढचं सगळं जुळतं.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावं. १९८० मध्ये एकमत झालं ते सोळा आणे नव्हतं. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स यांनी आपले रंग उलटेच ठेवले. तिथे आत शिरताना तांबडा उजवीकडे असतो. सुट्टीत तिकडे गेलात आणि जावयाने बोट भाड्याने घेतली, तर मांडवीत शिकलेला धडा तिथे फिरवून घ्यावा लागेल.

आणखी काही खुणा ओळखीच्या असाव्यात. तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा बोया आणि त्यावर एक तांबडा गोळा असेल, तर चारी बाजूंना पाणी मोकळं आहे. जलमार्गाच्या तोंडाशी असा बोया ठेवतात. काळ्या बोयावर तांबडा आडवा पट्टा आणि माथ्यावर दोन काळे गोळे, म्हणजे नेमका खालीच खडक किंवा बुडालेलं काहीतरी आहे, लांबून जा.

काळ्या-पिवळ्या बोयांच्या माथ्यावर दोन काळे शंकू असतात आणि सुरक्षित पाणी कोणत्या दिशेला आहे ते त्यांवरून कळतं. दोन्ही टोकं वर असतील तर उत्तरेकडून जा, दोन्ही खाली असतील तर दक्षिणेकडून. रात्री यांचे पांढरे लुकलुके घड्याळाप्रमाणे मोजायचे. पूर्वेचा बोया तीन वेळा लुकलुकतो, कारण घड्याळात पूर्वेला तीन. दक्षिणेचा सहा वेळा लुकलुकून एकदा लांब चमकतो. पश्चिमेचा नऊ वेळा. उत्तरेचा न थांबता लुकलुकत राहतो. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याला मध्यरात्री थकलेल्या खलाशाच्या डोक्यात काय राहील याची चांगली जाण असली पाहिजे.

दीपस्तंभही असेच मोजून ओळखायचे असतात. दर किती सेकंदांनी किती झोत येतात हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं आणि छापील यादीत नोंदलेलं असतं. आग्वादचा किल्ला १६१२ चा. त्यावरचा जुना दीपस्तंभ पोर्तुगिजांनी १८६४ मध्ये उभारला आणि तो १९७६ पर्यंत चालला. त्यानंतर जवळच्याच नव्या दीपस्तंभाने काम हाती घेतलं. या सगळ्या व्यवस्थेसाठी आपल्याकडे १९२७ चा दीपगृह कायदा होता. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला. त्यात दीपस्तंभांबरोबर बोयांचा आणि नव्या इलेक्ट्रॉनिक साधनांचाही विचार आहे. जलमार्गाच्या खुणेची नासधूस करणं हा गुन्हा आहे. बोयाला होडी बांधून मासे धरत बसणं अनेकांना सोयीचं वाटतं, पण बोया ओढला जाऊन जागेवरून सरकला किंवा त्याचा दिवा गेला, तर रात्री मागून येणाऱ्याला तो चुकीची वाट दाखवतो.

रस्त्यावर डावीकडून, पाण्यावर उजवीकडून

आपण रस्त्यावर डावीकडून चालतो. पाण्यावर जगभर उजवीकडून जायचं असतं. अरुंद जलमार्गात प्रत्येक बोटीने आपल्या उजव्या काठाला धरून जावं; समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळावं आणि डावी बाजू डाव्या बाजूला ठेवून निघून जावं. दोघींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे तिने वाट द्यायची. हे नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू आहेत.

रात्री समोरच्या बोटीचं तोंड कुठे आहे हे तिच्या दिव्यांवरून कळतं. प्रत्येक बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा आणि मागे पांढरा. तुम्हाला तिचा फक्त तांबडा दिसला, तर तिची डावी बाजू तुमच्याकडे आहे. फक्त हिरवा दिसला तर उजवी. तांबडा आणि हिरवा दोन्ही एकाच वेळी दिसले, तर ती थेट तुमच्या रोखाने येते आहे. नुसता एक पांढरा दिसला, तर बहुधा ती तुमच्यापुढे त्याच दिशेने चालली आहे किंवा नांगर टाकून उभी आहे.

पण हे दिसायला अंधार लागतो. पणजीच्या काठावर रात्री जो झगमगाट असतो, कॅसिनो जहाजांच्या रंगीत रोषणाईपासून रस्त्यावरच्या जाहिरातींपर्यंत, त्यात एखाद्या होडीचा लहानसा तांबडा दिवा हरवायला वेळ लागत नाही. नियम सांगतो, की जलमार्गाच्या दिव्यांशी गल्लत होईल असे दुसरे दिवे बोटीवर लावू नयेत. वाढदिवसासाठी होडीला तांबड्या-हिरव्या दिव्यांच्या माळा लावून घेणाऱ्या हौशी मंडळींनी याचा जरूर विचार करावा. आपली होडी कुठे तोंड करून आहे हे समोरच्या तांडेलाला कळलं नाही, तर ती रोषणाई महागात पडेल.

भोंग्याचीही भाषा आहे. एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे इंजिन उलटं फिरवतोय. पाच किंवा जास्त छोटे भोंगे लागोपाठ आले, तर त्याचा अर्थ ‘तुझं काय चाललंय ते मला कळत नाही’. शेवटचा भोंगा ऐकू आला तर गाणी बंद करून सगळ्यांनी खाली बसावं.

भरती, ओहोटी आणि तोंडाशी असलेली वाळू

बोये आणि दिवे माणसाने लावलेल्या खुणा आहेत. पाण्याच्याही स्वतःच्या खुणा असतात आणि त्या आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होत्या. कोकणपट्टीत भरतीचा एक जुना हिशेब आहे : तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. तो तासभर इकडेतिकडे होऊ शकतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात बघावी. पण घरी दिनदर्शिका असलेल्या कुणालाही सहलीच्या आदल्या रात्री हा अंदाज काढता येतो.

तो काढावा, कारण मांडवीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे. ओहोटीत नदीचं पाणी जोराने बाहेर पडतं आणि समुद्राकडून लाटा आत येत असतात. दोघांची गाठ या उथळ पाण्यावर पडते. लाट उभी होते, आखूड होते आणि फुटते. भरतीच्या वेळी जिथून होडी आरामात गेली, तिथेच चार-पाच तासांनी ती पालथी होऊ शकते. पावसाळ्यात तर हे मुख धोक्याचंच. म्हणून खनिजाचे बार्ज पावसाळ्यात समुद्राची वाट सोडून कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरत आणि तिथून मुरगाव बंदर गाठत. हा कालवा, मांडवी आणि झुवारी हे तिन्ही २०१६ च्या कायद्याने जाहीर झालेल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांमध्ये आहेत, अनुक्रमे २७, ६८ आणि १११ या क्रमांकांनी.

पावसाळी समुद्र किती जोर करतो हे कांदोळीच्या लोकांना वेगळं सांगायला नको. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे प्रचंड जहाज वादळात तिथल्या वाळूत येऊन रुतलं आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच पडून होतं. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी माशांच्या विणीसाठी आहे, पण नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, या जुन्या रिवाजात पाण्याची ही समजही होती.

जिथे एकही बोया नसतो

आता बडोद्याच्या वाचकांना ठाऊक असलेली गोष्ट. १८ जानेवारी २०२४ रोजी तिथल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तो बंदिस्त तलाव होता. तिथे भरती नव्हती, वाळूचा उंचवटा नव्हता, मोठी जहाजं नव्हती. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. एवढं पुरलं.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला, भर दुपारी, मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नील कमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती. या अपघातात १५ जीव गेले. प्रवाशांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. धोका बाहेरून, काही क्षणांत आला.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. वाट कितीही ओळखीची असली आणि पाणी कितीही शांत असलं, तरी लाइफ जॅकेट बोट सुटण्याआधी अंगावर हवं. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट बोट कलंडल्यावर घालता येत नाही. ते पाण्यात घालणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं.

जॅकेट नीट बसलंय का हे बघायची सोपी रीत आहे. सगळे पट्टे आवळा आणि दोन्ही खांद्यांशी धरून जॅकेट वर उचला. ते हनुवटीच्या वर कानांपर्यंत सरकलं, तर ते मोठं आहे. पाण्यात पडताच निसटेल. मुलांना मुलांच्याच मापाचं हवं आणि शक्यतो पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. फुगवायची चकती किंवा दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत. ‘मला पोहता येतं’ म्हणणाऱ्याने कपड्यांचा विचार करावा. भिजलेली साडी पायांत गुंडाळते, जीन्स जड होते, गळ्यात अडकवलेली पर्स बुडताना मानेला ओढते.

बोट उलटण्यामागे पुष्कळदा आपलाच उत्साह असतो. डॉल्फिनच्या होडीत हे दर तासाला घडतं. कुणीतरी ‘तो बघा!’ म्हणून ओरडतं आणि सगळे मोबाइल घेऊन त्या बाजूला धावतात. पंधरा माणसं म्हणजे जवळपास एक टन वजन. ते एका कडेला गेलं, त्यात सगळे उभे राहिले, की होडी त्या बाजूला झुकते. झुकली की आणखी माणसं तोल जाऊन तिकडेच घसरतात. म्हणून नियम साधा ठेवावा : डॉल्फिन कुठेही दिसो, बसलेला माणूस बसूनच बघेल.

फेरीबोटीत गाडी चढवली असेल, तर इंजिन बंद, हँडब्रेक वर, पट्टा सोडलेला, काचा खाली. आणि शक्य तर माणसांनी गाडीबाहेर उभं राहावं. पाच मिनिटांच्या प्रवासासाठी आजींना उतरवायचं नसेल, तर निदान दार उघडता येईल इतकी जागा शेजारच्या गाडीत आणि आपल्यात राहिली आहे ना, हे बघावं.

भीड

यांतलं काहीच अवघड नाही. अवघड आहे ते बोलणं. धक्क्यावर सगळे चढत असतात, बोटवाला घाई करत असतो, आधीच दहा जण जास्त झालेले असतात. जॅकेट मागितलं तर तो हसून म्हणतो, ‘काही होत नाही हो, रोजचंच आहे.’ मागून आत्या म्हणते, ‘चल गं, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.’ आपल्याला वाटतं, सगळ्यांचा विरस कशाला करा? पाहुण्यांपुढे तमाशा कशाला? आणि आपण चढतो. लग्नाच्या पंगतीत चौथी जिलेबी भिडेखातर खाल्ली तर फार तर पोट बिघडतं. पाण्यावर भीड परवडत नाही.

विचारायचे प्रश्न चारच आहेत. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता लिहिली आहे का? माणसं मोजली का? प्रत्येकाला मापाचं जॅकेट आहे का? सूर्य मावळायच्या आत परतणार का, नसल्यास दिवे लागतात का? अंतर्देशीय जलवाहनांसाठी २०२१ चा कायदा आहे. नोंदणी, तपासणी आणि प्रशिक्षित खलाशी ही बोटवाल्याची मेहेरबानी नाही, त्याची जबाबदारी आहे. गोव्यात त्यावर देखरेख बंदर कप्तान खात्याची. उत्तर समाधानकारक नसेल तर उतरावं. तिकिटाचे पैसे बुडाले तर बुडाले. चांगला तांडेल या प्रश्नांनी रागावत नाही. त्याला असे प्रवासी हवेच असतात, कारण संकटात तेच शांत राहतात.

आणि संकट आलंच तर : माणूस पाण्यात पडला की पहिल्यांदा ओरडून तांडेलाला सांगा, तरंगणारं काहीही त्याच्याकडे फेका आणि एकाने बोट रोखून त्याच्याकडे बघतच राहा, नजर हलवू नका. लाटांमध्ये डोकं दिसेनासं व्हायला क्षण पुरतो. त्याच्यामागे उडी मारू नका. बोट उलटली तर तिला धरून राहा. काठ जवळ दिसतो तेवढा जवळ नसतो आणि उलटलेली होडी बहुधा तरंगत राहते. ओढ असेल तर तिच्याविरुद्ध पोहू नका, पाठीवर तरंगा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२. दोन्ही आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. ज्यांच्या स्वतःच्या होड्या आहेत त्यांच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ क्रमांकाचं चॅनल कायम चालू असावं.

येत्या सुट्टीत पाहुणे आले की मुलांना बोटीत जरूर न्या. जॅकेट घालून, खाली बसवून, बेतीकडच्या तांबड्या बोयाकडे बोट दाखवा आणि विचारा, ‘सांग बघू, आपण आत चाललोय की बाहेर?’ ज्या मुलाला याचं उत्तर देता येईल, ते मूल पुढे कधीतरी एखाद्या अनोळखी धक्क्यावर, दहा माणसं जास्त झालेल्या बोटीसमोर उभं राहून ‘मी यात बसणार नाही’ असंही म्हणू शकेल. त्या दिवशी त्याला हट्टी म्हणू नका.